राळे अजून शिजायचे आहेत

त्या मंगळवारी दुपारी दीड वाजता डब्लिनजवळच्या क्लोनडॉकिनच्या ऑफिसात मी डबा उघडून बसले होते. शेजारी नेहमीप्रमाणे दिवसाची यादी होती. सात कामांपैकी चार झाली होती. पाचवे होते : ‘सुहासला फोन – टिपांचे काय.’ फोन उचलला आणि तो हातातच वाजू लागला. पडद्यावर मेधाचे नाव, म्हणजे सुहासच्या बायकोचे. मला हसू आले. नवऱ्याचा तगादा आता बायको करणार. ‘हो गं, करतेय, करतेय,’ असे म्हणतच मी फोन घेतला. पलीकडून एक बाई इंग्रजीत बोलू लागल्या. त्या ओर्ला, नावन गावात सुहासच्या घराला भिंत लागून असलेल्या घरात राहतात, साठीच्या पुढच्या. म्हणाल्या, मेधा इथेच आहे पण तिला बोलता येत नाहीये, तिनेच तुझा नंबर काढून दिला. मग थांबून म्हणाल्या, सुहास गेला. मी विचारले, कुठे?

त्या ‘कुठे’ची मला अजून लाज वाटते. पण खरे सांगायचे तर आज पाच आठवडे झाले तरी माझ्या डोक्यात पहिला प्रश्न तोच येतो. एक्कावन्न वर्षांचा माणूस. रोज चालणारा. आदल्या रात्री मला मेसेज करून ‘उद्या नक्की वाच’ असे लिहिणारा. तो घरून काम करत होता, साडेबाराला कुकर लावला, एक वाजता त्याची मीटिंग होती. या दोन्हींच्या मध्ये, स्वयंपाकघरात, उभ्याउभ्या… डॉक्टरांनी नंतर हृदयाचे कारण सांगितले, ते मी लिहूनही घेतले, पण त्या कागदाने काही कळत नाही.

ओर्लांना कसे कळले, ते त्यांनीच मला त्या संध्याकाळी सांगितले. सुहासच्या कुकरच्या शिट्ट्या त्यांना भिंतीतून ऐकू यायच्या. सुरुवातीला, नऊ वर्षांपूर्वी, त्या घाबरून बाहेर आल्या होत्या. त्यांना वाटले बॉयलर फुटतोय. मग सवय झाली. साडेबारा ते पाऊण, तीन शिट्ट्या, की त्याही आपले सूप गरम करायला ठेवायच्या. त्या दिवशी तीन झाल्या, चार झाल्या, सहा झाल्या. “तुमचा माणूस तीनवर बंद करतो,” त्या मला म्हणाल्या. “सातवी झाली आणि मी किल्ली शोधायला लागले.” त्यांच्याकडे त्या घराची जादा किल्ली असायची. त्यांनी आधी शेगडी बंद केली, मग त्याच्या शेजारी खाली बसल्या, मग ॲम्ब्युलन्सला फोन केला. हाच क्रम बरोबर होता का, हे त्यांनी मला तीनदा विचारले. मी तीनदा हो म्हटले.

सुहास नेर्लेकर आणि मी सांगलीला इंजिनीअरिंगला एका वर्गात होतो. प्रॅक्टिकलचे जर्नल माझे आणि विनोद त्याचे, असा सौदा होता. मी याद्या करते म्हणून तो मला तेव्हापासून चित्रगुप्त म्हणायचा, आणि मेधाशी लग्न झाल्यावर माझी ओळख त्याने तशीच करून दिली : “हिच्याशी नीट वाग, हिच्याकडे सगळ्यांचं लिहिलेलं आहे.” पुढे मी इकडे आले, तो चीनला गेला. त्याच्या कंपनीने त्याला तिथल्या कारखान्यात मालाची गुणवत्ता तपासायला पाठवले होते, सहा महिन्यांसाठी. तो तीन वर्षे राहिला. शाकाहारी माणूस, जेवणाचे हाल; म्हणून कँटीनच्या स्वयंपाक्याशी दोस्ती केली, आणि भाषा शिकला ती त्याच्याकडून, भाजी निवडता निवडता. त्यामुळे त्याची चिनी भाषा म्हणे अगदी भटारखान्याची होती. नावनला आल्यावर तिथल्या चिनी टेकअवेच्या म्हाताऱ्या मालकांशी, मिस्टर लाऊंशी, पहिल्यांदा बोलला तेव्हा ते गंभीरपणे म्हणाले की तू मीठ-मसाल्याबद्दल उत्तम बोलतोस, पण कृपा करून बँकेत ही भाषा वापरू नकोस.

त्या कँटीनच्या स्वयंपाक्यानेच त्याला ती कविता दिली. छापील पुस्तकातली नव्हे, पाठ केलेली. कवीचे नाव कुणाला ठाऊक नाही. क्रांतियुद्धाच्या काळात डोंगर-नद्या ओलांडत माघार घेत चाललेल्या एका पलटणीत तो स्वयंपाकी होता, एवढेच सांगतात. सुहास सांगायचा की त्या कूचमध्ये स्वयंपाक्याचे काम सगळ्यांत वाईट. सैनिकाच्या खांद्यावर बंदूक, याच्या पाठीवर लोखंडी कढई. मुक्कामाला इतर बसतात तेव्हा हा सरपण शोधतो. इतर जेवतात, मग उरले तर हा. त्यामुळे थंडीत आधी स्वयंपाकीच गळायचे, आणि कढई दुसरा कुणीतरी उचलायचा. अशा कुणा एकाने एका नदीकाठी केलेल्या या आठ ओळी. त्या एका स्वयंपाक्याकडून दुसऱ्याकडे येत येत कँटीनपर्यंत आल्या आणि तिथून सांगलीच्या एका माणसाकडे. सुहास अकरा वर्षे तिचे मराठी करत होता. आठ ओळींना अकरा वर्षे. मी एकदा हिशेब करून सांगितले की दर ओळीला साडेसोळा महिने पडतात. तो म्हणाला, “लिहून ठेव, चित्रगुप्त. वर विचारतील.”

आता माझी चूक सांगते. ती सांगण्यासाठीच हे लिहिते आहे.

इथल्या मराठी मंडळाचा दिवाळी अंक मी काढते. म्हणजे साहित्यातले मला फार कळते म्हणून नव्हे. मी तारखा पाळते आणि लोकांकडून पाळून घेते म्हणून. दोन वर्षांपूर्वी मी सुहासच्या मागे लागून ती कविता अंकासाठी घेतली. कविता आली आणि सोबत नऊ पाने टिपा. अंकात माझ्याकडे एक पान शिल्लक होते. मी टिपांचे पहिले पान वाचले. त्यात हंसांबद्दल होते : शत्रूच्या मुलखात एकोणीस वर्षे अडकून पडलेल्या एका जुन्या दूताची गोष्ट, त्याने म्हणे हंसाच्या पायाला पत्र बांधून घरी पाठवले, त्यामुळे त्यांच्या कवितेत हंस दिसला की वाचक पत्राची वाट पाहतो, आणि आमचा स्वयंपाकी म्हणतो, हंसांनो, तुम्ही तसेच जा, माझ्या घरी कुणाला वाचता येत नाही. मला आवडले. पण जागा नव्हती. मी ठरवले की कविता टिपांशिवाय कळते आहे. उरलेली आठ पाने मी वाचली नाहीत. ‘राळे’ म्हणजे बारीक पिवळे धान्य, पण हा शब्द डब्लिनमधल्या कुणाला कळणार, म्हणून तो बदलून मी ‘भात’ केला. त्यानेही हो म्हटले, जरा वेळ थांबून.

कवितेच्या शेवटच्या चार ओळी अशा होत्या. त्याच्या मूळ शब्दांत देते :

त्या सेनापतीने याच तीरावर फोडली होती मडकी;
माझी कढई पाठीवर घेऊन मी उतरतो पाण्यात.
राळे चुलीवर आहेत, अजून शिजायचे आहेत;
झोपलेल्यांना उठवू नका.

आता मला सांगा, आपल्यापैकी कुणीही ‘मडकी फोडली’ वाचून काय समजेल? मीही तेच समजले. सेनापतीने मेलेल्या सैनिकांचे क्रियाकर्म केले. झोपलेले म्हणजे गेलेले. भात म्हणजे पिंडाचा. मी कविता ‘श्रद्धांजली’ या विभागात टाकली, त्या वर्षी आपल्यातून गेलेल्या दोघांच्या फोटोंशेजारी, आणि एका चित्रकार मैत्रिणीला सांगून वर चित्र काढून घेतले : तीन भोके पाडलेले मडके, त्यातून पडणाऱ्या पाण्याच्या तीन धारा. चित्र सुंदर होते. लोकांनी कळवले की कविता वाचून डोळ्यांत पाणी आले. एका गृहस्थांनी ती आपल्या वडिलांच्या वर्षश्राद्धाला वाचली.

सुहासने अंक पाहिला, दोनदा उलटून पाहिला आणि म्हणाला, “चित्र छान आलंय.” मग हसला. “लढाईच्या आधीच तू माझी सगळी पलटण जाळून मोकळी झालीस गं.” तो अंक त्याने मिस्टर लाऊंनाही दाखवला. ते चष्मा वर करून बराच वेळ चित्र पाहत राहिले आणि त्यांनी विचारले, कवितेवर ही बागेतली झारी कशाला? हे सुहासने मला इतक्या रंगवून सांगितले की मीही हसले. हसले आणि यादीत लिहिले : ‘पुढच्या अंकात खुलासा.’ नेमके काय चुकले आहे हे मी विचारले नाही. खुलासा तो लिहिणार, मी छापणार, तेव्हा कळेलच. पुढच्या अंकात जाहिराती जास्त आल्या. खुलासा त्याच्या पुढच्या अंकात गेला. तो रागावला नाही. वर्षातून तीन-चारदा आठवण करायचा, आणि दर वेळी माझ्या यादीत ती ओळ नव्याने लिहिली जायची, स्वच्छ अक्षरात.

शेवटची भेट मृत्यूच्या तीन आठवडे आधीची. मंडळाच्या कार्यक्रमानंतर हॉलच्या पार्किंगमध्ये मी खुर्च्या मोजून परत देत होते आणि तो लिफाफा घेऊन आला. म्हणाला, “नऊ पानांचं एक केलं. एकच पान आहे, पाठपोट. आता तरी वाच.” मी म्हणाले, वाचते, आधी खुर्च्या जाऊ देत. लिफाफा पर्सच्या बाहेरच्या कप्प्यात टाकला. तो गाडीत बसला, काच खाली करून म्हणाला, “त्या बिचाऱ्याला जिवंत कर गं एकदा.” मी हात हलवला. माझे लक्ष खुर्च्यांकडे होते. दोन कमी भरत होत्या.

मृत्यूनंतरचे चार दिवस मी यादीवर काढले. दुसरे काही येत नव्हते म्हणून. घरात अचानक मृत्यू झाला की इथे तपासणी होते, मग अंत्यसंस्कार करणारी मंडळी ताबा घेतात, त्यांना फोन. सुहासची मुलगी ईरा गॉलवेला शिकते, तिला आणायला कुणी जायचे. कोल्हापूरला त्याच्या मोठ्या भावाला, अविनाशदादांना, व्हिसा वेळेत मिळेना, त्यांना व्हिडिओवर कसे घ्यायचे. शुक्रवारी सुहासला घरी आणले. आपल्याकडे अशा घरात चूल पेटत नाही, आणि इथली रीत अशी की दार सताड उघडे, सगळा गाव येणार आणि प्रत्येकाला चहा. ओर्लांनी चहाचा ताबा घेतला. चीज आणि अंड्याचे सँडविच वेगळ्या ताटांत, दोन्हींवर चिठ्ठ्या, त्या मी लिहिल्या. लोक रांगेने आत यायचे, सुहासच्या हाताला हात लावायचे, मेधाला म्हणायचे की तुमच्या दुःखात आम्ही आहोत, आणि मग कोपऱ्यात चहा पीत त्याचेच किस्से सांगून हळूच हसायचे. मेधा दर हसण्याकडे मान वळवून बघत होती. जणू तोच बोलतोय.

यादीत सतरावे होते ‘मडके’. कोल्हापूरहून व्हिडिओवर विधी सांगणाऱ्या गुरुजींनी बजावले होते की बाकी इकडचे तिकडे चालेल, पण मडके हवेच. अविनाशदादांचाही तोच आग्रह. क्रिमॅटोरियमच्या व्यवस्थापकांना मी फोन केला. अत्यंत सौजन्याने ते म्हणाले की आतल्या गालिच्यावर पाणी चालणार नाही, पण बाहेर पोर्चमध्ये खडीवर केलेत तर ग्रँड, म्हणजे हरकत नाही, फक्त तुकडे तुमचे तुम्ही उचला. म्हणून मेधाजवळ तिच्या बहिणीला बसवून मी शुक्रवारी दुपारी बागसामानाच्या दुकानात गेले. तिथे मातीची भांडी खूप, पण सगळी कुंड्या, तळाला भोक असलेल्या. त्यातल्या त्यात गोल पोटाची एक घेतली. भोक कणकेने बुजवता येईल असा विचार केला. काउंटरवरच्या मुलीने विचारले, हिच्यात काय लावणार? मी म्हणाले, अजून ठरलं नाही.

गाडीत येऊन पावती ठेवायला पर्सचा बाहेरचा कप्पा उघडला तर हाताला लिफाफा लागला.

त्या पार्किंगमध्ये, मांडीवर मडके, मी सुहासचे ते पान वाचले. त्यातले त्याच्याच शब्दांत देते, कारण मला याहून चांगले सांगता येणार नाही : ‘दोन हजार वर्षांपूर्वी एका सेनापतीने नदी ओलांडली आणि सैन्याच्या होड्या बुडवल्या, स्वयंपाकाची मडकी फोडली. जवळ तीन दिवसांचा शिधा ठेवला. परत फिरायचे नाही, जिंकायचे किंवा मरायचे. ते जिंकले. चीनमध्ये ही गोष्ट शाळेतल्या पोरांना ठाऊक असते. तिकडे मडके फोडणे म्हणजे शेवट नाही, निर्धार. पण आमचा स्वयंपाकी त्या सेनापतीला नम्रपणे नकार देतो. तो म्हणतो, तुम्ही फोडलीत, मी फोडणार नाही. उद्या पलीकडे कुणाला तरी भूक लागणार आहे. मी कढई घेऊन जातो. जुन्या गोष्टी त्याला पाठ आहेत, पण तो त्या सुलट्या वापरत नाही.’

पानाच्या मागच्या बाजूला राळ्यांबद्दल होते. ‘एक गरीब तरुण खानावळीत थांबतो. मालक राळे शिजत घालतो आणि त्याला उशी देतो. तरुण झोपतो, स्वप्नात त्याचे लग्न होते, हुद्दा मिळतो, नातवंडे होतात, तो म्हातारा होऊन मरतो, आणि दचकून जागा होतो तर राळे अजून शिजलेले नाहीत. विद्वान यातून असे काढतात की आयुष्य क्षणभंगुर, सगळे मिथ्या. आमचा स्वयंपाकी चुलीपाशी बसला आहे. समोर अठरा-वीस वर्षांची मुले झोपली आहेत. उद्या त्यांतली किती राहतील माहीत नाही. तो म्हणतो, राळे शिजेपर्यंत उठवू नका. तेवढ्यात एकेकाचे एक आख्खे आयुष्य होऊन जाईल. वंदना, यात मेलेले कुणीही नाही. सगळे जिवंत आहेत, फक्त दमलेत.’

खाली पेनाने : ‘भात नको. राळेच ठेव.’

मी किती वेळ तिथे बसले होते ते सांगता येणार नाही. मला वेळ सांगता येत नाही असे सहसा होत नाही. माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. दोन वर्षे या माणसाने मला सांगायचा प्रयत्न केला की मडके फोडू नका. आणि मी आत्ता त्याच्यासाठी मडके घेऊन चालले होते.

शनिवारी क्रिमॅटोरियमच्या पोर्चमध्ये आम्ही तीसेक माणसे होतो. वारा होता, पाऊस नव्हता. शवपेटी चाकांच्या गाडीवर. माझ्या हातात फोन, त्यात एका चौकटीत गुरुजी, दुसऱ्यात अविनाशदादा, भिंतीला टेकून बसलेले. मी कुणाला काही बोलले नव्हते. काय बोलणार? एका कवितेची टीप आहे म्हणून विधी बदला? मेधा उभी राहू शकत होती, तेवढे पुरे होते. ईराच्या खांद्यावर आम्ही पाण्याने भरलेले मडके दिले. तिने तीन फेऱ्या मारल्या. गुरुजींचा आवाज तुटत तुटत येत होता. “हां, आता खांद्यावरून मागे सोडा,” ते म्हणाले. ईरा सोडेना.

ती मराठी समजते, बोलते इंग्रजीत. तिचे शब्द मी मराठीत लिहिते. ती माझ्याकडे बघून म्हणाली, “मावशी, मी हे फोडणार नाही. बाबाचा स्वयंपाकी फोडत नाही.”

फोनमधून अविनाशदादांनी विचारले, “वंदना, काय झालं? थांबली का ती?”

सगळी माणसे माझ्याकडे बघत होती. ते स्वाभाविकच होते. चार दिवस प्रत्येक गोष्ट मीच सांगत होते. एक शब्द बोलले असते की ‘बाळा, सोड’, तर तिने सोडले असते. बिचारी एकोणीस वर्षांची आहे. खांद्यावरचे पाणी तिच्या बाहीवर गळत होते. माझ्या कणकेने दगा दिला होता.

मी म्हणाले, “दादा, ती मडकं फोडत नाहीये. पुढे घेऊन चालली आहे.”

“असं कसं? सुहासने तसं सांगितलं होतं का?”

“लिहून दिलं होतं. मी वाचलं नव्हतं.”

दादांनी डोळ्यांवर हात ठेवला होता. चौकटीत फक्त हात दिसत होता. मग म्हणाले, “मग राहू दे. लहानपणीही कुठली वस्तू फोडली की रडायचा तो.” गुरुजींनी पुढचा मंत्र धरला. व्यवस्थापक केरसुणी आणि केर भरायची सुपली घेऊन कोपऱ्यात तयार उभे होते. त्यांनी ते हळूच भिंतीला टेकवून ठेवले. ईराने मडक्यातले पाणी खडीवर ओतले, रिकामे मडके पोटाशी धरले आणि पेटीबरोबर आत गेली. या इमारतीला आत जायचे दार वेगळे आणि बाहेर पडायचे वेगळे असते. अर्ध्या तासाने ती पलीकडच्या दारातून बाहेर आली तेव्हा मडके तिच्या हातात होते. फाटकापाशी मिस्टर लाऊ काळा कोट घालून थांबले होते. त्यांनी मडक्याकडे पाहिले, ईराकडे पाहिले आणि वाकून नमस्कार केला. झारीबद्दल या वेळी काही विचारले नाही. माझ्या हातात एक कागदी पिशवी दिली आणि निघून गेले. पिशवीत पिवळे राळे होते, किलोभर.

हा तो खुलासा. अंकात एका कोपऱ्यात छापायचा होता, तो दोन वर्षे उशिरा आणि भलत्याच ठिकाणी छापला जातो आहे. ज्यांनी ती कविता वाचून डोळे पुसले, आणि ज्या गृहस्थांनी ती श्राद्धाला वाचली, त्यांना माझे सांगणे : त्यात कुणी मेलेले नाही. चूक माझी. सुहासने बरोबर लिहिले होते. हे त्याला वाचून दाखवता आले असते तर तो म्हणाला असता, ‘शेवटी चित्रगुप्ताचीच वही तपासायची वेळ आली.’ पण तो नाही. हे वाक्य मी लिहिते आहे आणि मला ते अजूनही कुणा दुसऱ्याबद्दलचे वाटते आहे.

गेल्या शनिवारी नावनला गेले होते. गाडी मेधाच्या नावावर करायची, तिच्या सह्या हव्या असलेले फॉर्म, त्याच्या कंपनीचा लॅपटॉप परत द्यायचा, अशी नऊ कामे. स्वयंपाकघराच्या खिडकीत ते मडके आहे, रिकामेच, तळाला कणकेचा वाळलेला डाग. मेधा पाच आठवडे नीट झोपलेली नाही. पहाटे उठून बसते. कुकर त्या दिवसापासून ओर्लांनी खालच्या कपाटात मागे सारून ठेवला होता, मेधाच्या नजरेला पडू नये म्हणून. साडेबारा वाजले. मेधा टेबलाशी तिसऱ्या फॉर्मवर होती. मी तिला विचारले नाही. कपाट उघडले, कुकर काढला, लाऊंचे एक वाटी राळे धुऊन लावले. किती पाणी घालतात ठाऊक नव्हते, अंदाजाने घातले.

पहिली शिट्टी झाली तेव्हा मेधाचे पेन थांबले. तिने वर पाहिले नाही. दुसरीनंतर तिने डोके हातांवर टेकवले. मला वाटले रडते आहे, म्हणून मी जवळ गेले, तर तिचा श्वास लांब आणि शांत चालला होता. एकदा सुहास सांगत होता की रविवारी सकाळी तो स्वयंपाकाला लागला की हिची खरी झोप लागते, शिट्ट्यांच्या मधे मधे. तिसरी शिट्टी झाली. मी शेगडी बंद केली. मिनिटभरात मागच्या दाराशी ओर्ला आल्या, अंगावर एप्रन, हात ओले. त्यांनी कुकरकडे पाहिले, मग मेधाकडे. मी खुर्ची ओढून दिली. त्या बसल्या. टेबलावर माझी यादी होती, सहा कामे बाकी, आणि अडीचला मला परत निघायचे होते. कुकरची वाफ केव्हाच गेली होती.

बऱ्याच वेळाने ओर्लांनी अगदी हळू विचारले, हिला उठवायचं का, जेवण थंड होईल.

मी म्हणाले, “नको. अजून शिजायचंय.”